बेल ऐकू आली होती

माझा जन्म जालन्याकडच्या खेड्यात, ख्रिस्ती घरात. आजी बायबलबाई होती, गावोगाव फिरून बायांना शास्त्र वाचून दाखवायची, आणि मी मात्र चौथीतच शाळा सोडली, धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं. लग्न झालं, नवरा बोटीवर स्वयंपाकी, त्यांच्यामागे इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आले, ते वारले, मुलगी रूथ इथेच नर्स झाली, आणि मी एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांचं करते, अंघोळ, कपडे, चहापाणी.

आता काय सांगू तुम्हाला, हे मी कोणाला सांगत नाही. नवरा गेल्यापासून काम करता करता मध्येच माझं आतलं सगळं गप्प होतं. दिसत काही नाही, आवाज नाही, फक्त प्रभू इथे आहे एवढं कळतं, चादरीची घडी हातात तशीच राहते. रूथ म्हणाली, मम्मी, ही फिट असेल, जीपीकडे, आपल्या डॉक्टरकडे चल. सगळ्या टेस्ट झाल्या, काही निघालं नाही.

मग एक दिवस मी तशीच उभी, आणि होममधल्या डोरीनबाईंनी, त्यांना एकटीनं उठता येत नाही, खोलीतली बेल दाबली. ऐकू आली, खोटं कशाला बोलू, ऐकू आली, पण मला ते गप्पपण सोडवेना. गेले तेव्हा बिछाना ओला आणि त्या भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. मी सगळं बदललं, आणि बेल ऐकलीच नाही असं त्यांना आणि मॅनेजरला सांगितलं. तेव्हापासून एकच घोर, हे प्रभूचं असेल तर म्हातारं माणूस ओल्यात कसं पडून राहिलं?

चर्चमध्ये मंगळवारी आम्ही चार बायका प्रार्थनेला बसतो. त्यातल्या हेल्गाताई मूळच्या जर्मनीच्या, शिक्षिका होत्या. त्या त्यांच्याकडच्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या बायांचं सांगत होत्या, बेगीन म्हणायचे त्यांना. नन नाहीत, नवरे नाहीत, एका घरात राहायच्या, सूत कातायच्या, आजाऱ्यांची सेवा करायच्या, आणि काहींना देव असा भेटायचा की त्यांनी ते आपल्या बोलीत लिहून ठेवलं. पाद्री चिडायचे, ह्या अडाणी बायांना अधिकार कोणी दिला म्हणून. मी कधी तोंड उघडत नाही, पण विचारलं, हेल्गाताई, आणि तेव्हाच आजाऱ्यानं हाक मारली तर? त्या म्हणाल्या, तर उठायचं, देव काय पळून जातोय? सगळ्या हसल्या. मला रडू आलं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरला खरं सांगितलं. रूथनं डोक्याला हात लावला, मम्मी, नोकरी जाईल ना! लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. डोरीनबाईंनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, सुमन, तुझ्या देवाकडे अनंतकाळ आहे, बेल दाबली की माझ्याकडे दोनच मिनिटं असतात.

आता बेल वाजली की मी निघते. कधी ते गप्पपण माझ्याबरोबर येतं, कधी तिथेच सुटतं, मग महिना महिना फिरकत नाही. जीव ओढतो, नाही असं नाही. पण कूस बदलून द्यायची असते, उशी सारखी करायची असते. तुम्हालाही प्रभूनं म्हातारपणी वेळेवर येणारं माणूस द्यावं.