उशिरा दिसलेली धावपट्टी

शिक्षक : दार लोटून घे आणि बस. मोठ्या साहेबांनी तुझ्या तक्रारीचा कागद पुढ्यात ठेवला होता. काय लिहिलंयस, तूच सांग. मला अक्षरं लागली नाहीत.

विद्यार्थिनी : सर, तुमच्या डोळ्यांबद्दल मी एक शब्द लिहिला नव्हता. आईशपथ.

शिक्षक : मग काय लिहिलंस?

विद्यार्थिनी : हेच, की तुम्ही मला विमान उतरवू देत नाही. चौदा वेळा खाली आणलं, चौदाही वेळा ऐन शेवटी तुम्ही कंट्रोल हिसकावलंत. माझ्यामागून आलेली पोरं एकटी उडून आली. मी आपली तुमच्या शेजारीच.

शिक्षक : आणि वर ओरडतो.

विद्यार्थिनी : ओरडण्याचं काही नाही, सर. पण ‘आंधळी आहेस का, किती उंचावर आहेस बघ’ म्हणता ना, ते घरापर्यंत येतं. आई म्हणाली, बाई, नसेल जमत तर सोडून दे. मी सोडणारच होते.

शिक्षक : तुझी उंची बरोबर असायची.

विद्यार्थिनी : काय?

शिक्षक : पहिल्या चार-पाच वेळा चुकलीस. नंतर बरोबर होतीस. मलाच धावपट्टी उशिरा दिसायची. आधी वाटलं, काच मळलीय. विमानं पुसणाऱ्या म्हाताऱ्याला दोनदा झापलं मी.

विद्यार्थिनी : मग सांगायचं होतं. मला वाटायचं, माझ्यातच खोट आहे.

शिक्षक : कुणाला सांगणार? बायकोलासुद्धा थांगपत्ता लागू दिला नाही. एकोणतीस वर्षं दुसरं काही केलं नाही गं. तपासणीची तारीख पुढे ढकलत राहिलो. तुझ्यावर ओरडलो, की तेवढा वेळ वाटायचं, चूक तुझीच आहे.

विद्यार्थिनी : माझ्या तक्रारीवरून साहेबांनी काल तुम्हाला डोळे तपासायला पाठवलं ना? डॉक्टर काय म्हणाले?

शिक्षक : नजरेतलं मधलं गेलंय. कडेचं राहील. परवाना त्यांनी तिथेच ठेवून घेतला.

विद्यार्थिनी : मी तक्रार मागे घेते.

शिक्षक : वेडी आहेस का? एखाद्या दिवशी तुला घेऊन आपटलो असतो मी. मग तुझ्या आईपुढे कुठल्या तोंडानं उभा राहिलो असतो?

विद्यार्थिनी : पण माझ्यामुळे तुमचं सगळं...

शिक्षक : तुझ्यामुळे नाही. तुझ्या तक्रारीच्या आधीपासून मला ठाऊक होतं. बरं, ऐक. उद्यापासून तुला नवे सर. वयानं लहान आहेत, बोलतात कमी. दोन फेऱ्या बघतील आणि खाली उतरून तुला एकटीला सोडतील. तुझ्या वहीत तसा शेरा दिलाय. लिहिलंय कारकुनानं, सही माझी आहे.

विद्यार्थिनी : एवढं सगळं आधी का नाही केलंत, सर?

(शिक्षक खिडकीकडे बघतच तिची वही तिच्यापुढे सरकवतात.)

विद्यार्थिनी : रागावलात माझ्यावर?

शिक्षक : नाही.

विद्यार्थिनी : मग मघापासून खिडकीकडे बघून का बोलताय?

शिक्षक : तुझ्याकडेच बघतोय. सरळ बघितलं, की चेहरा पुसला जातो. असं बाजूला बघितलं, की थोडी दिसतेस.

विद्यार्थिनी : मग तसंच बघा, सर. मी बसते थोडा वेळ.