चकरीवरचा गंज

कापसाच्या दिवसांत अकोल्यात इनायतुल्ला कुलूपवाल्याकडे मी किल्ली करून घ्यायला थांबले होते. माझ्यापुढे पुंजाराम होता, रेल्वेच्या गोऱ्या साहेबाचा नोकर. त्याने फडक्यातून साहेबाची मासे धरायची पितळी चकरी काढली.

"साफ करून द्या, चाचा. साहेबाचं सामान विलायतेले त्यायच्या मायकडे जाणार आहे."

"तुहा साहेब कुठं गेला?"

"काल पूर्णेत बुडाले. मासा मोठा लागला होता. चकरी दोरी सोडेना, म्हणून ते पाण्यात उतरले."

"आण, उघडतो. हे पाय, दात्यांत गाळ भरला."

"गाळानंच अडकली ना?"

"गाळ वरवर आहे. आतल्या लोखंडी कण्याले गंज धरला, तो जुना. रोज पुसून तेल नव्हतं देत कोणी?"

"ते काम माह्यं होतं."

"मंग?"

"पंधरा रोज झाले, सांज झाली का मी बाजारात कापसाच्या गाठी उचलाले जात होतो. चकरी तशीच ओली ठेवून."

"अरे, रडू नको. थांब, पुन्हा पायतो. मीच चुकलो. हा मुलूख खाऱ्या पाण्याचा. अशा पाण्यात लोखंड एका दिवसात लाल होते."

"खरं?"

"माही जिंदगी लोखंडात गेली, बेटा. खरंच सांगून राहिलो."

पुंजारामाने चकरीच्या कण्यावरून बोट फिरवलं.

"खारं पाणी विहिरीचं असते, चाचा. नदीचं गोड आहे. आमी तेच पेतो."