पाकाऐवजी धान्य

मिलवॉकीतल्या घरी बिअर बनवायच्या सामानाच्या दुकानात मॉल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, दळायची रांग होती. माझ्यापुढे एक बाप आणि त्याची लेक.

“ग्रेटा, डब्यातल्या मॉल्टच्या पाकानं काय घोडं मारलं होतं? त्याच्यावरच मी जत्रेत बक्षीस मारलंय.”

“कृती तुझीच आहे बाबा. फक्त पाकाऐवजी धान्य.”

“मागच्या खेपेला पाणचट झाली होती.”

“तेव्हा पाकाच्या वजनाइतकंच धान्य घेतलं. जवळजवळ दीडपट लागतं, या खेपेला तेवढं घेतलं. काल आपल्या दोघांच्या बिअर चाखून, स्वतःची समजून तू माझीच उचललीस!”

“जीभ म्हातारी झाली.”

“मग जत्रेत कुठली ठेवायची?”

तेवढ्यात दुकानदारानं हाक मारली, “व्हर्जिल, यंदाही तुझीच बिअर ना?”

“लेकीची. मी नुसत्या बाटल्या धुतो.”