वस्तरा कुलपात

लेक : “मान खाली. हलायचं नाही, कान जाईल.” सहा वर्षांची असेन मी. याच खुर्चीच्या हातांवर फळी आडवी टाकून बसवायचात तुम्ही मला. अजूनही कुणी मागून मानेला हात लावला की तोच आवाज येतो कानात.

बाबा : गेला का कधी कान?

लेक : नाही. पण खाली उतरले की दोन्ही चाचपून बघायची.

बाबा : बरं, आता खरंच मान खाली. तो औषधी साबण दोनदा लावलास ना?

लेक : दोनदा. हॉस्पिटलच्या कागदावर तसंच लिहिलंय. आणि केसांच्या रेषेमागे बोटभर जागा सोडून बारीक वेण्या घालायच्या, म्हणजे उद्या सर्जनबाईंना कपाळ मोकळं मिळेल. बाबा, हे गार काय लागलं?

बाबा : फेस.

लेक : फेस कशाला?

बाबा : हात गेला गं. खुर्चीत माणूस बसला की ब्रश आपोआप उचलला जातो. कड साफ करायला निघालो होतो.

लेक : वस्तरा लावायचा नाहीये. साधा ओरखडा दिसला तरी ऑपरेशन पुढे ढकलतील. तीन वर्षं थांबलेय मी.

बाबा : पुसतो, पुसतो. हा बघ, वस्तरा खणात. हे कुलूप. किल्ली तूच धर. चाळीस वर्षांत भर दिवसा कधी आत गेला नव्हता बिचारा.

लेक : पण वेणी येते तुम्हाला? जन्म गेला पुरुषांचे केस कापण्यात.

बाबा : आठवडाभर शिकतोय. आईच्या शालीच्या गोंड्यांवर.

लेक : ते गोंडे तुम्ही गुंतवलेत? आई रोज त्या मांजराच्या नावानं खडे फोडतेय.

बाबा : फोडू दे. मांजर काही मनाला लावून घेत नाही. तू मला सांग, नेमकं काय करणार त्या सर्जनबाई?

लेक : इथून, केसांच्या कडेनं, कातडी उघडणार. मग भुवयांवरचा हा पुरुषी उंचवटा... बोट ठेवा. हा. तो तासून आत बसवणार. थोडा जबडाही.

बाबा : हाड तासणार.

लेक : हो. भीती वाटतेय तुम्हाला?

बाबा : भीती मागाहून येईल. आत्ता नुसता थक्क झालोय. अगं, किती डोकी गेली या हातांखालून. कुणाचं कपाळ पाटासारखं, कुणाचं उतरत्या छपरासारखं. कुणाच्या टाळूला खळगा, कुणाच्या कानामागे टेकडी. डोळे मिटून सांगेन कुणाचं डोकं ते. पण माझं काम कातडीपाशी संपतं. त्याच्या आतलं देवाचं, आपण तिथं हात घालायचा नाही, असं धरून चाललो. आणि तू म्हणतेस, नाही, तिथलं माझं थोडं काम बाकी आहे. कुठून आणलंस गं एवढं काळीज? आमच्या घरात तर नव्हतं.

लेक : बाबा, एक रकाना रिकामा आहे कागदावर. परवा पट्ट्या सोडतील तेव्हा जवळ कोण असेल, त्याचं नाव हवंय.

बाबा : आईचं लिही.

लेक : आईला कापलेलं बोट बघवत नाही. तुमचं लिहायचंय मला.

बाबा : आणि दुकान कोण उघडणार?

लेक : परवा सुट्टीचा वार आहे.

बाबा : ही वेणी ताणतेय का?

लेक : नाही. विषय बदलू नका.

बाबा : खरं सांगू? पट्ट्या सुटल्या आणि मी अडखळलो तर? ओळखायला क्षणभर लागला, आणि तो क्षण तू माझ्या तोंडावर वाचलास तर? तू सावरशील. मी नाही सावरायचो त्यातून.

लेक : अहो, भोपळ्यासारखी सुजलेली असेन मी. पहिले काही दिवस मलाच माझी ओळख पटणार नाही म्हणतात. म्हणून तर ज्याला माझं डोकं पाठ आहे असं माणूस जवळ हवंय. अडखळलात तर अडखळा. पण या.

(बाबा शेवटची वेणी बांधतात. मग दोन्ही अंगठे तिच्या भुवयांवर ठेवून, पहिल्यांदाच डोकं हाती आल्यासारखं, त्या हाडावरून हलकेच फिरवतात.)

लेक : काय करताय?

बाबा : निरोप घेतोय याचा. तेहतीस वर्षांची ओळख आहे. वाईट नव्हतं.

लेक : नव्हतंच. माझं नव्हतं, एवढंच.

बाबा : लिही माझं नाव.

लेक : नक्की?

बाबा : लिही. ओळखीन मी. पाहिलंय मी तुला आधी.

लेक : कधी?

बाबा : तेरा वर्षांची होतीस, सगळ्यांच्या लेखी अजून मुलगा. दुपारी तुला दुकानात ठेवून, दार लोटून गेलो आणि चष्म्यासाठी परत आलो. तू या आरशासमोर उभी. डोक्यावरून टॉवेल सोडलेला, पाठभर केसांसारखा. दोन्ही तळव्यांनी भुवया दाबून धरलेल्या, आणि आपल्याशीच हसत होतीस. मी दारातूनच मागे फिरलो. कोपऱ्यापर्यंत जाऊन, मोठमोठ्यानं खोकत परत आलो, म्हणजे तुला टॉवेलाची घडी घालायला सवड मिळावी.

लेक : वीस वर्षं, बाबा. कधी एका शब्दानं बोलला नाहीत.

बाबा : परत फिरायला नको होतं मी. सरळ आत यायला हवं होतं. फार सुंदर दिसत होतीस गं. तेवढंच सांगायचं राहून गेलं.