जन्माच्या ठिकाणाचा रकाना

माझे वडील नेपाळचे, लोणावळ्याला एका शेठच्या बंगल्यावर राखणदार व्हते, आणि आई हितली, तिकोणा पेठेच्या वरल्या अंगाला आमची वाडी हाय तितली, ती त्याच बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची, आणि मी त्या दोघांची थोरली लेक कमल, असं मी तिसाव्या वर्षापर्यंत समजत व्हते. माझ्या पाठची संगीता. काय सांगू तुमाला भाऊ, मी तिच्यावर लहानपणापासनं जळते. लिहिताय तर हे पयलं लिहा, कारण पुढचं सगळं त्यात गुतलंय. माझं नाक वडलांवर गेलेलं, तिचं आईवर, त्यामुळं शाळेत पोरी मला नेपाळीण म्हणायच्या आणि तिला कुणी न्हाई. एका ताटात जेवणाऱ्या दोघी, आणि चिडवायचं ते मला एकटीलाच.

पुढं लग्नंबी एकाच घरात झाली, दोन सख्ख्या भावांशी, मी थोरली जाऊ आणि ती धाकली. तिकोणा गडावर येणाऱ्या लोकांना मी पिठलं-भाकरी करून वाढते, आता भाकरी माझी, हात माझे भाजत्यात, आणि लोक फोटो काढणार संगीताबरोबर, कारण ती बोलते गोड.

वडील वारले तवा नेपाळवरनं चुलते आले. संगीता पाण्याला गेली व्हती तवा त्यांनी माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि हिंदीत म्हणाले, तुझी आई गेली तवा तू दीड वर्षाची व्हतीस, मीच तुला बापाच्या मांडीवर देऊन बसमध्ये बसवलं. मी म्हणलं कुणाची आई गेली, आई तर ही काय हितं बसलीय. आई खाली बघाया लागली. तवा मला कळलं. वडलांनी दुसरं लगीन करायचं ठरवलं तवा ह्या आईनं एकच अट घातली व्हती, का पोरीचा पाळणा माझ्या दारात व्हईल. दीड वर्षाची मी, पाळण्यात मावत न्हवते, पाय बाहेर लोंबत व्हते म्हणे, तरी बायांनी पाळणा म्हणला, नाव ठेवलं, वाडी जेवली, आणि जुनं कुणी परत तोंडावाटे काढलं न्हाई. आईच्या लेखी माझा जन्म त्या दिवशी, त्या दारात झाला. म्हणून शाळेत मास्तरांनी जन्म कुटला विचारलं तवा ती म्हणाली, आमच्या वाडीतला, आणि मास्तरांनी ते लिहिलं. खोटं बोलतोय असं तिच्या मनातबी न्हवतं.

त्याच दाखल्यावर माझं मतदार यादीत नाव आलं, आणि मी दोनदा मत दिलं व्हतं, चांगली नवी साडी नेसून. आता बघा, जन्म नेपाळातला, म्हंजी मी हितली नागरिकच न्हवते. आणि संगीताला ते न मागता मिळालेलं, आईच्या पोटातनंच घेऊन आलेली. माझ्या नवऱ्याशिवाय कुणाला बोलले न्हाई, लय भ्याले. पण त्यानंतर मत दिलं न्हाई. मतदान आलं का मी पोट दुखतंय म्हणून पडून राहायची.

आणि नेमकी संगीता ग्रामपंचायतीला उभी राहिली आणि थोडक्यात पडली. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी येऊन उभी, म्हणाली, आक्का, आख्ख्या वाडीनं मत दिलं, तू तेवढी आली न्हाईस. मी म्हणलं पोट दुखत व्हतं. ती म्हणाली, तुझ्या पोटात काय दुखतंय ते मला ठावं हाय. तितनं अबोला. चार वर्षं एका अंगणात, एका नळावर, आणि बोलायचं ते म्हशीला ऐकवून.

मधी आई गेली. मग मतदार यादी तपासायला शाळेचे गुरुजी घरोघर फिराया लागले, तवा मीच म्हणलं, गुरुजी, माझं नाव काढा, आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, काढतो, पण कमलताई, मग तुमी राहणार कुटल्या? नवरा हितला हाय, संसार हितं हाय, नागरिकत्वाचा रीतसर अर्ज करा. म्हणून अर्ज केला. पुण्याच्या कचेरीतनं पत्र आलं, का परदेशी असून मत कसं दिलं याचा खुलासा करा, आणि घरातल्या माणसाचा जबाब आणा. वडगावला एकाकडं खुलासा टाइप कराया गेले, त्यानं आपल्या मनानं लिहिलं, का अडाणी सावत्र आईने खोटी माहिती दिली. म्हणाला, असं लिहिलं का लगेच सुटाल, सगळं तिच्यावर जाईल, ती काय आता बोलाया येणार न्हाई. मी तो कागद घेतलाच न्हाई. रिकाम्या हातानं आले आणि थेट संगीताच्या दारात गेले.

सगळं ऐकून ती म्हणाली, जबाब देते, पण आधी सांग, तुला देता आलं असतं तर मला मत दिलं असतंस? मी म्हणलं, खरं सांगू, मला ठावं न्हाई. तिनं सुपातल्या तांदळातला खडा काढून अंगणात टाकला. मग म्हणाली, माझा पाळणा झालाच न्हाई, तुला माहिती हाय? आई म्हणायची, थोरलीचा झालाय, एका दारात वाडी किती येळा जेवणार. तू परक्या पोटची हे आज कळलं, पण पाळणा तुझा झाला आणि माझा न्हाई, म्हणून मी लहानपणापासनं जळायची. आणि मला वाटायचं जळायचं काम माझं एकटीचं.

खुलासा मी माझ्या हातानं लिहिला. आईनं जे मानलं ते सांगितलं, मला कळलं न्हवतं तवर मत दिलं, कळल्यावर भीतीनं गप बसले, ती चूक माझी. कचेरीतल्या म्याडमनी दोनदा वाचला आणि विचारलं, गप बसलात हे लिहायची गरज न्हवती, का लिहिलं? मी म्हणलं, म्याडम, झालं तसं लिहिलं. मग संगीताला विचारलं, तुमी यांच्या कोण? ती म्हणाली, बहीण आणि जाऊ, दोन्हीकडनं गळ्यात पडलीय. म्याडमला हसू आलं, पण कागदावर त्यांनी सावत्र लिहाया लावलं, आणि सही करताना संगीताचा हात थांबला, ते मी बघितलं.

लय महिने गेले, मग कागद आला. मी शपथ घेतली, पाठ करून गेलते तरी अडखळले. आता मी हितली हाय, लिहून दिलेली. आणि संगीता काय करती, पेढे घेऊन वाडीभर फिरती आणि सांगती, आक्काचं काम मी करून दिलं, म्याडमशी मीच बोलले. लोक तिचंच कौतुक करत्यात. कागद माझा, वर्षानुवर्षं झोप माझी गेली, आणि पेढे तिच्या हातात. परत ती उभी राहणार हाय. मत तिलाच देईन, दुसरं कुणाला देणार. देव तिला सुखात ठेवो, निवडूनबी येऊ दे, पण खरं सांगते भाऊ, तिच्या गळ्यात हार पडताना बघणं मला जड जाईल.