शुक्रवारचा भाव

नाही, पण मला एक सांगा, गाडी तीच ना? चाकं चारच ना? रंग तोच पांढरा, जवळ गेलं की आपोआप बाहेर येणारी ती दाराची मूठसुद्धा तीच... मग एका शुक्रवारी बेचाळीस हजार डॉलर आणि पुढच्या शुक्रवारी साडेत्रेचाळीस, हे कसं काय? आठ दिवसांत तिला शिंगं फुटली? पाचवं चाक आलं? विचारलं हो मी! फोनवर तोंडावर विचारलं! तर ती ॲडलेडच्या शोरूममधली मरीसा, आवाज असा की मधात बुडवून काढलेला, म्हणते, "मिस्टर ट्रगेन्झा, आपला डॉलर घसरला ना!" घसरला! जसा काही तो आमच्या न्हाणीघरात साबणावरून घसरला आणि साबण मीच टाकून ठेवला होता!

तुम्हाला सांगतो, भाव या विषयातला मी जुना माणूस आहे. बढाई नाही मारत. चौतीस वर्षं वॉलरूच्या बंदरावर वजनकाट्याच्या खिडकीत बसलोय. शेतकऱ्यांचे ट्रक यायचे, गहू, बार्ली, मसूर... मी वजन करायचो, पावती फाडायचो, आणि ते खाली उतरून मला विचारायचे, "कॉलिन, काय वाटतं, आज विकू का थांबू?" मला विचारायचे! बँकेला नाही, मला! आणि चौतीस वर्षांत मी एकच गोष्ट पाहिली, चढलेला भाव उतरतो. बार्लीनं मला कधी दगा दिला नाही. म्हणून ऑक्टोबरात ग्लेनिस, म्हणजे आमची बायको, चहा ढवळता ढवळता म्हणाली, "कॉलिन, विजेची गाडी घेऊ या," तेव्हा मी काय म्हणालो असेन?

"थांबू या जरा. उतरेल."

आता गाडी हवी कशाला, तर त्याचं असं आहे. आमची मुलगी केरेन्झा ॲडलेडला राहते. नर्स आहे. जावई वाळवंटातल्या खाणीत, दोन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, आणि घरी असतो तेव्हा निम्मा वेळ झोपलेला असतो. त्यांना झाली मुलगी, टॅमसिन. सात महिन्यांची, दोन दात, आणि आवाज बंदराच्या भोंग्यासारखा. तेव्हा ग्लेनिस दर बुधवारी इथून एकशे साठ किलोमीटर गाडी हाकत जाणार, गुरुवारी रात्री परत येणार. हाकत म्हणजे अक्षरशः हाकत, कारण आमची म्हातारी... म्हातारी म्हणजे आमची बावीस वर्षांची पेट्रोलगाडी हं, ग्लेनिस नव्हे, हे आधीच सांगतो, मागे एकदा गैरसमज झाला होता... तर आमची म्हातारी पेट्रोल असं प्यायची की पंपावरची बाई आम्हाला ख्रिसमसला कार्ड पाठवायची.

आणि ग्लेनिसचा हिशेब सरळ. म्हणाली, "छपरावर सौर पॅनल आहेत. दिवसभर वीज तयार होते, ती कंपनी आपल्याकडून चिल्लरीच्या भावात घेते आणि संध्याकाळी आपल्यालाच नोटांच्या भावात विकते. तीच आपल्या गाडीत भरली तर? मावशीनं ठेवलेले पैसे आहेत माझ्याकडे." बिनतोड! मलाही पटलं. पटलं म्हणूनच गेलो ना शोरूममध्ये. एकोणचाळीस हजार नऊशे नव्वद. मी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारली, कारण टायरला लाथ मारल्याशिवाय गाडी बघितल्यासारखी वाटत नाही, आणि मरीसाला म्हटलं, "चिनी लोक हजारांनी बनवतायत या. जहाजंच्या जहाजं भरून येतायत. माल वाढला की भाव पडतो, हा नियम आहे." ती म्हणाली, "किंमत वाढणार आहे हो, सर." मी हसलो. विकणारा असंच म्हणणार! ग्लेनिसचा दंड धरून बाहेर काढली तिला. "थांबू या जरा. उतरेल."

तीन आठवड्यांनी बेचाळीस.

आता तुम्ही म्हणाल, कॉलिन, तिथेच शहाणं व्हायचं होतंस! अहो, पण भाव चढला म्हणजे उतरायच्या जवळ आला ना? चढल्याशिवाय उतरणार कसा? मग मी अभ्यासच सुरू केला. रोज संध्याकाळी बातम्यांत डॉलर. पूर्वी मी फुटबॉल बघताना ओरडायचो, आता डॉलरला ओरडायला लागलो, "अरे उठ की! उठ, लेका!" ग्लेनिस आतून विचारायची, "कोण हरलं?" आणि दर शुक्रवारी सकाळी दहाला मरीसाला फोन. डॉलर झाला, मग जहाजाचं भाडं. मग म्हणे जहाजं लांबच्या वाटेनं येतात. जानेवारीत म्हणाली, "आता नवीन मॉडेल आलंय सर, छताला अखंड काच आहे, पंचेचाळीस." काच! छताला! इथे जानेवारीत त्रेचाळीस डिग्री ऊन, आम्ही खिडक्यांना पडदे लावून, दारात ओले टॉवेल टाकून बसतो, आणि डोक्यावर काच! मी म्हटलं, बिनकाचेची स्वस्तात नाही का मिळणार? नाही म्हणाली. मी म्हटलं ठीक आहे, थांबू या जरा...

आणि या सगळ्यात समोरच्या घरात थिओ कलाफातिस! तीस वर्षं या गावाला मासे तळून विकले, आता निवृत्त. त्यानं हीच गाडी, हाच रंग, वर्षापूर्वीच घेतलेली. रोज सकाळी मी झाडांना पाणी घालत असलो की हा गाडी काढणार, माझ्या कुंपणाशी येऊन थांबणार, काच खाली करणार.

"कॉलिन, ऐकू आलं?"

"काय?"

"तेच तर!"

आणि निघून जाणार. बिनआवाजाची गाडी ना त्याची! रोज! एक दिवस चुकवला नाही. शुक्रवारी तर खास. "काय रे, आज माझी गाडी केवढ्याची झाली? अरे, मी काल रात्री नुसता झोपलो तरी दीड हजार कमावले. तूही झोप काढत जा, उगाच अभ्यास करतोस." मासे तळून तळून याची जीभसुद्धा कुरकुरीत झालीय.

बरं, ग्लेनिस? ग्लेनिस काही म्हणायचीच नाही. हीच तर भीतीची गोष्ट! एकेचाळीस वर्षांचा संसार आहे, ती बोलते तेव्हा मी निर्धास्त असतो. शुक्रवारी फोन ठेवला की विचारायची, "किती?" मी सांगायचो. "अरे वा," म्हणायची आणि मटार सोलायला लागायची.

मग आला फेब्रुवारीतला शेवटचा बुधवार.

त्या दिवशी केरेन्झाची बाळंतपणाची रजा संपून हॉस्पिटलमधला पहिला दिवस होता. दुपारी बाराची पाळी. जावई खाणीत. ग्लेनिस सकाळी नऊला निघाली, डब्यात केक, पिशवीत लोकरीचा ससा. साडेदहाला फोन. "कॉलिन, पोर्ट वेकफील्डच्या अलीकडे आहे. म्हातारीच्या तोंडातून वाफ येतेय." मी म्हटलं, रेडिएटर. झाकण उघडू नकोस, सावलीत बस. ती म्हणाली, "सावली कुठली?" आणि खरंच हो, त्या पट्ट्यात सावली कुठली? दोन्ही बाजूंना मिठाळ माळ आणि कमरेएवढी झुडपं. बेचाळीस डिग्री. टोइंगची गाडी म्हणे दोन तास लागतील. आणि मी? मी इथे. माझ्याकडे गाडी कुठे होती? एकच गाडी, ती तिकडे वाफ सोडत उभी!

रस्ता ओलांडून गेलो. अनवाणीच गेलो बहुतेक, कारण पाय भाजल्याचं नंतर कळलं. थिओ दारात आला, तोंड उघडणार एवढ्यात माझा चेहरा बघितला. म्हटलं, "ग्लेनिस उन्हात अडकलीय." त्यानं किल्ली उचलली. बायकोला ओरडून बर्फ आणायला सांगितला, पाण्याचा कॅन टाकला, निघालो. आणि तुम्हाला सांगतो, सगळा रस्ता थिओ एक शब्द बोलला नाही. भाव नाही, डॉलर नाही, "ऐकू आलं?" नाही. अहो, मी वाट बघत होतो! बोल ना रे, म्हटलं मनात, बोल एकदा, टोमणा मार! नाही मारला. थंडगार गाडी, कसला म्हणून आवाज नाही, आणि त्या शांततेत मला फक्त माझंच ऐकू येत होतं. पाच महिने काय काय बोललो ते सगळं.

गाडीच्या बाजूला ओंजळभर सावली होती, तिच्यात ग्लेनिस जमिनीवर बसली होती. तोंड लालबुंद. केकचा डबा मांडीवर. मला बघून म्हणाली, "वरचं क्रीम वितळलं रे." बस. एवढंच. थिओनं तिला पुढे बसवलं, मानेला बर्फ लावला. केरेन्झाचा फोन आला. तिचं कामावर जाणं राहिलं होतं, पहिल्याच दिवशी दांडी, हॉस्पिटलनं पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं. मी म्हटलं, "सॉरी गं बाळ." ती म्हणाली, "बाबा, ते जाऊ दे. आईला घोट घोट पाणी दे. एकदम नको." ओरडली असती तर सोपं गेलं असतं मला.

गुरुवारी सकाळी मी ग्लेनिसला सांगितलं, दाताच्या डॉक्टरकडे जातो. आणि बस पकडली ॲडलेडची. तीन तास. शोरूममध्ये शिरलो. मरीसा समोरच. म्हटलं, "आज भाव विचारायला नाही आलो. आज घ्यायला आलोय. आत्ता. सांगा." ती म्हणाली, "सर, आज सत्तेचाळीस झालीय." मी म्हटलं, "घेतली. पांढरी. पत्ता लिहा." तिनं पत्ता लिहायला घेतला आणि थांबली. माझ्याकडे बघितलं. खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाली, "मिस्टर ट्रगेन्झा, तुमची गाडी बंदरावर आहे."

"कुणाची?"

"तुमच्या मिसेसची. अठरा नोव्हेंबरला घेतली त्यांनी. बेचाळीसला. एव्हाना यायची होती, पण जहाजात परदेशी गवताचं बी सापडलं, ते इथे रुजू नये म्हणून सगळ्या गाड्या तपासणीत अडकल्या. सोमवारी सुटेल."

चौतीस वर्षं मी बी-बियाणं जोखलं हो या देशाचं! आणि माझी गाडी अडवली कुणी, तर गवताच्या बियानं! पण ते राहू दे. मी म्हटलं, "मग नोव्हेंबरपासून दर शुक्रवारी मी फोन करतोय, ते?" मरीसा लाल झाली. "त्या म्हणाल्या होत्या, ते फोन करतील, त्यांना खरा भाव सांगत जा. बाकी काही नको. म्हणाल्या, बंदरावरून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याशी भावाबद्दल कुणी बोलत नाही."

बसमध्ये परतीचे तीन तास मला राग यायला हवा होता. प्रयत्न केला. खूप केला. नाही आला.

घरी आलो तेव्हा ग्लेनिस पेस्टीच्या कडा मुरडत होती, मांस-बटाट्याच्या. मान वर न करता विचारलं, "दात कसा आहे?"

म्हटलं, "मला सांगायचंस तरी!"

"सांगितलं असतं, तर तू काय म्हणाला असतास?"

"थांबू या ज..." एवढं माझ्या तोंडातून निघालंच.

"तेच," ती म्हणाली. मग हात थांबले तिचे. "घ्यायला गेला होतास? केवढ्याला?"

"सत्तेचाळीसला."

"सत्तेचाळीसला! तू!" आणि माझ्याकडे असं बघितलं, तुम्हाला सांगतो, लग्नाच्या दिवशीसुद्धा असं बघितलं नव्हतं. मग ओव्हनमधली पहिली पेस्टी, सगळ्यात मोठी, माझ्या ताटात.

आली मग गाडी. केरेन्झा कामावर जाते, ग्लेनिस दर बुधवारी जाते, बिनआवाजाच्या गाडीनं, आणि मीही जातो बरोबर. चालवत नाही हं. विम्याच्या कागदावर चालक एकच, ग्लेनिस ट्रगेन्झा. पुढची सीट? तिथे तिच्या चर्चच्या गायनमंडळातली डोरीन. तिची बहीण तिकडे वृद्धाश्रमात असते, आणि डोरीनचे गुडघे मागे मावत नाहीत. माझे मावतात म्हणे! तेव्हा मी मागे, टॅमसिनच्या छोट्या सीटला खेटून, गळ्यापर्यंत पट्टा, मांडीवर पेस्टींचा गरम ट्रे.

परवा पोर्ट वेकफील्डला चार्जिंगला थांबलो. शेजारच्या गाडीतली एक बाई काचेतून आत वाकली, माझ्याकडे बघून गोड हसली, हात हलवला, आणि ग्लेनिसला विचारते, "केवढे आहेत हो?"

ग्लेनिस म्हणाली, "एकाहत्तर वर्षांचे. पण प्रवासात त्रास देत नाहीत."

आणि तुम्हाला सांगतो... खरंच नाही देत मी.