बादलीतला माईक

...आणि वर तो रोह्याचा रेडिओवाला काळुराम विचारतो, "वहिनी, माईक कुठल्या टाईपचा पाहिजे?" अहो, टाईप? तुम्हाला सांगतो, त्या नमिताला माईक म्हणजे सत्यनारायणाच्या पूजेला बोंबलतो तो, एवढंच ठाऊक! आणि जीप सोमवारी सकाळी!

कसली जीप? सांगतो ना! ही नमिता रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावातली. सासरे हैबतराव. उभा जन्म पेणकडच्या मिठागरात गेला, आता डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून लेकाकडे. चौऱ्याण्णवची दिवाळी सरली आणि म्हातारा रोज रात्री अंगणात खाट टाकून आभाळाशी बोलायला लागला. "ही गेली गो टोळी! खाडीची पाखरं हाईत, थंडीची आलीत!" लेक जितेश शिफ्ट करून आलेला, दोन मिनिटं उभा राहिला, ऐकलं काय? कंपनीचा भोंगा! झालं! "बाबांचं डोकं फिरलंय. सोमवारी जीप करून ठाण्याला, वेड्यांच्या इस्पितळात नेतो. ठेवून घेतलं तर ठेवू तिथंच."

तिथंच! नमितानं स्वतः एकदा पहाटे वरून काहीतरी ऐकलं होतं, पण तिचं कोण ऐकतो? म्हणाली, "टेपवर पाखरं आली तर जीप रद्द?"

"आणि नाय आली तर?"

"तर मामंजींची पिशवी मी भरीन."

बोलून बसली! हातात रात्री तीन!

शुक्रवारी घरातलाच टू-इन-वन टेप अंगणात रेकॉर्डिंगला ठेवला. सकाळी लावला तर नुसतं घर्रर्र... काळुराम म्हणतो, "डब्यातला माईक डब्याचीच मोटर ऐकणार ना! बाहेरचा माईक पाहिजे, लांब वायरवर." शनिवारी एसटीनं पेण. रामवाडीच्या पोपट मंडपवाल्याचा माईक आणला, उसाच्या कांडक्याएवढा! पोपट आपला, "बिनधास्त न्या, ताई, अख्खं मैदान हलवतो!" हलवतो हो, पण तोंड लावून ओरडलं तर! पाखरू काय तोंड लावायला खाली येणार? आणि त्या लांब वायरीत शिरला रेडिओ! जितेश हसून हसून, "अगो, तुझी पाखरं तर हिंदी गाणी म्हणतात!" ती हसली नाय. जीप सोमवारी सकाळी!

रविवारी काळुरामलाच दया आली. हरभऱ्याएवढा माईक काढला, जाळीची वायर जोडली म्हणजे रेडिओ शिरायला नको. मग म्हणाला, "बादली आणा." बादली! आत चहूबाजूंनी गादीचा स्पंज, तळाला माईक, तोंडावर पातळ प्लास्टिक, दवासाठी. "कुत्री, रिक्षा बाजूला अडतात वहिनी, तोंड फक्त आभाळाकडं." वीज गेली तर? सेल घातले. पण कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं, पालटायला जावं तर पावलं वाजतात, मग लावायची कधी? साऱ्या घरात पहिल्यांदा कुणीतरी म्हाताऱ्यालाच विचारलं. हैबतराव म्हणाले, "तीनच्या म्होरं लाव गो."

बादली खाटेशेजारी ठेवून लावली. डोळ्याला डोळा नाय!

आणि सकाळी दारात जीप! ड्रायव्हर हॉर्न मारतोय, जितेश एक पाय उंबऱ्याबाहेर, कॅसेट चाललीय... काही नाय. दहा मिनिटं... काही नाय! कुत्रं. म्हाताऱ्याचा खोकला. जितेश म्हणाला, "बस झालं, पिशवी आण." नमिता पिशवी आणायला वळली आणि... टीव्‌! टीव्‌-टीव्‌-टीव्‌! लगेच टेपमधून हैबतरावांचा आवाज, "ही गेली." पुन्हा लांबून, कुर्लीऽऽऽ... "ही दुसरी, मोठ्या चोचीची." एकदा नाय, चार वेळा! आधी पाखरू, मग म्हातारा!

जितेशनं जीप परत पाठवली. बापाच्या पायाशी जाऊन म्हणाला, "बाबा, चुकलो."

हैबतरावांनी बादली चाचपली आणि सुनेला म्हणाले, "नमिता गो, सहा महिनं सांगतोय, खाटेची नवार सैल झालीय, पाठ मोडते. तेवढं पण ह्याच्यात भरून ठेव. बघू, मग तरी हा ऐकतोय का!"